भट्टी, बंदी आणि दवाखाना

एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सात माणसं सॅनिटायझर पिऊन मेली. कोरोनाची दुसरी लाट भरात होती आणि टाळेबंदीत दारूची दुकानं बंद होती. मेलेली माणसं हातावर पोट असलेली, मजुरी करणारी होती. वणीच्या पूर्वेला वर्धा नदी आहे आणि नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. या घटनेनंतर महिनाभरानं, २७ मे २०२१ रोजी, राज्य मंत्रिमंडळानं चंद्रपूरची सहा वर्षांची दारूबंदी उठवली. बंदीमुळे अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, बायका आणि लहान मुलं या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला, अशी कारणं देण्यात आली. नदीच्या एका काठावर बंद दुकानापायी माणसं मेली आणि दुसऱ्या काठावर दुकानं पुन्हा उघडायचं ठरलं. दोन्हीकडे एक प्रश्न कुणी विचारलाच नाही: रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक थांबली तर त्याचं काय होतं, आणि त्याला कुठल्या दवाखान्यात न्यायचं?

हा प्रश्न का विचारला जात नाही, हे समजून घ्यायला बरंच मागं जावं लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दारू हा सरकारच्या कुठल्या खात्याचा विषय, हे दीडशे वर्षांत अनेकदा बदललं. आधी तो महसुलाचा झाला, मग पोलिसांचा, मग थोडा समाजकल्याणाचा. आरोग्य खात्याची पाळी सगळ्यांत शेवटी आली आणि आजही ती अर्धवटच आहे.

सरकारच्याही आधी मोह होता. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन वेचायला जातात. वाळवलेलं फूल पोटाला होतं, ढोरांना होतं, विकायला होतं, बियांचं तेल निघतं आणि त्याच फुलाची दारूही गाळली जाते. गोंड-माडिया समाजात जन्म, लग्न, मरण आणि देवकार्य मोहाच्या दारूवाचून पुरं होत नाही. भामरागड-एटापल्लीकडे गोरगा नावाच्या ताडाचा रसही पितात. याचं गोडगुलाबी चित्र काढायची गरज नाही. पिऊन पडणारा माणूस तेव्हाही असणार. पण पिण्याला ऋतूची, सणाची आणि घरच्या मडक्याची मर्यादा होती. फुलं संपली, सण संपला, मडकं रिकामं झालं, की पिणंही थांबत असे.

ही मर्यादा अबकारीनं मोडली. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, त्यांच्याकडे आला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. अबकारीची पद्धत साधी होती. एखाद्या भागात भट्टी लावून दारू विकण्याचा हक्क लिलावात द्यायचा. ठेकेदार ठरलेली रक्कम सरकारात भरणार आणि मग जितकी दारू खपेल तितका त्याचा नफा. घरी गाळणं हा गुन्हा ठरला. पुढे भट्ट्यांच्या जागी सरकारी देखरेखीखालची डिस्टिलरी आली, १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा आला, पण गाभा तोच राहिला. ज्यानं लिलावात पैसे घातले त्याला बारा महिने गिऱ्हाईक हवं. सणाला पिणारा समाज रोज पिणारा होण्यातच त्याचा फायदा होता, आणि त्याच्या फायद्यात सरकारचा वाटा होता. या भागातल्या दारूच्या प्रश्नाचं मूळ मला इथं दिसतं. ‘आदिवासी पितातच’ असं शहरातला माणूस सहज म्हणतो, तेव्हा दारूचा धंदा जंगलात कुणी नेला हे तो विसरलेला असतो.

काँग्रेसच्या प्रांतिक सरकारनं १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा केला. गांधीजी शेजारच्या वर्ध्यात राहत होते, त्यामुळे या प्रांतात दारूबंदीला नैतिक वजन होतं. गावोगावी ते वजन पोचवलं तुकडोजी महाराजांनी. चिमूरच्या परिसराशी त्यांचं जुनं नातं, आणि त्यांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या भजनी मंडळ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत आजही आहेत. दारू सोडायची तर मंडळात जायचं, प्रार्थनेला बसायचं, चार माणसांसमोर शपथ घ्यायची. कित्येक दशकं या जिल्ह्यांत व्यसनमुक्तीचा उपचार म्हणून एवढंच उपलब्ध होतं, आणि काही माणसांना तो लागूही पडला. आजच्या उपचारशास्त्रात गटाचा आधार महत्त्वाचा मानतात. खेड्यातल्या माणसाला तो आधार या मंडळ्यांनी दिला.

मग राज्यघटना आली. तिचं ४७ वं कलम नीट वाचावं. लोकांचं पोषण आणि राहणीमान उंचावणं व सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे, असं ते कलम सांगतं, आणि त्याच कलमात, औषधी वापर वगळून, मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करायला सांगतं. म्हणजे घटनाकारांनी दारूचा विषय आरोग्याच्या पोटात ठेवला होता. कायदा मात्र वेगळ्या वळणानं गेला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भालाही लागू झाला. त्यात गुन्हे आहेत, शिक्षा आहेत, परवाने आहेत, अधिकाऱ्यांचे अधिकार आहेत. आरोग्याचा उल्लेख ठळकपणे कुठे सापडतो, तर पिण्याच्या परवान्यात. प्रकृती टिकवण्यासाठी विदेशी दारू पिण्याची मुभा देणारा तो ‘हेल्थ परमिट’. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या प्रकृतीची कायद्यानं अशी काळजी घेतली. मोहाची दारू पिऊन यकृत सुजलेल्या चामोर्शीच्या मजुराच्या प्रकृतीसाठी त्यात काही तरतूद नव्हती.

पुढे बंदी सैल झाली आणि देशी दारूची परवानाधारक दुकानं आली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर केंद्र सरकारनं आदिवासी भागासाठी अबकारी धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली: ठेकेदारी विक्री बंद करा, आदिवासींना स्वतःपुरती, परंपरेपुरती दारू गाळू द्या. शंभर वर्षांची चूक सुधारणारा हा शहाणा कागद होता. पण परवान्याच्या पैशापुढे तो बराच काळ फाईलमध्येच राहिला.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा गडचिरोली जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथं आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. ते आले होते आरोग्याचं संशोधन करायला. राणीताईंनी खेड्यातल्या बायकांच्या स्त्रीरोगांचा अभ्यास केला, तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. पण तुमचा सगळ्यांत मोठा त्रास कोणता, असं लोकांना विचारलं की उत्तरात दारू यायची. नवऱ्याची दारू, त्यापायी होणारी मारहाण, विकली गेलेली भांडी, उपाशी पोरं. १९८८ च्या सुमारास गावागावांतून दारूमुक्तीचं आंदोलन उभं राहिलं. गावं ठराव करू लागली, बाया भट्ट्या फोडू लागल्या. आदिवासी भागात ठेकेदाराची दारू नको असं सरकारच्याच कागदात लिहिलेलं आहे, हे आंदोलनानं सरकारला दाखवून दिलं. पाच वर्षांच्या रेट्यानंतर २७ मार्च १९९३ रोजी गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. लोकांच्या मागणीवरून दारूबंद झालेला हा जिल्हा आहे, याचा अभिमान तिथल्या माणसांना आहे, आणि तो रास्त आहे.

याच काळात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं दारूचा प्रश्न स्वतःच्या ग्रामसभेत सोडवायला घेतला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आज देशभर माहीत आहे. जंगलाचा हक्क मिळवणारं गाव म्हणून मेंढ्याची कीर्ती झाली, पण त्याच्या आधी गावानं दारूवर महिनोन्‌महिने चर्चा केली होती. बहुमतानं ठराव उरकायचा नाही, सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहायचं, ही त्यांची रीत. देवाला लागेल तेवढी दारू राहू द्यायची आणि बाकीची थांबवायची, असा मार्ग गावानं काढला. १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दिला. मेंढ्यानं हा अधिकार कायदा येण्याआधीच वापरून पाहिला होता.

गडचिरोलीत परवान्याची दुकानं बंद झाली तरी वैनगंगेच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात ती उघडीच होती. पूल ओलांडला की दारू. शिवाय चंद्रपूर हा कोळशाच्या खाणींचा, वीज केंद्राचा, बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा जिल्हा. पगाराच्या दिवशी दुकानासमोर रांग आणि घरी भांडण, हे तिथल्या वस्त्यांचं नेहमीचं होतं. तिथल्या बायकांनीही दारूबंदीची मागणी लावून धरली. पारोमिता गोस्वामी आणि त्यांच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या पुढाकारानं डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या. सरकारनं समिती नेमली, समितीचा अहवाल आला, पण निर्णय लांबला. अखेर १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर दारूबंद झालं. वर्धा, गडचिरोली आणि चंद्रपूर असे तीन दारूबंद जिल्हे एकमेकांना लागून झाले.

माझ्या मते खरी चूक इथं झाली. ती बंदी घालण्याची नव्हती. ज्या बायकांनी रस्त्यावर उतरून बंदी मागितली त्यांचा अनुभव खोटा ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. चूक अशी की रातोरात दुकानं बंद करताना हजारो रोज पिणाऱ्यांचं पुढे काय, याची तयारी झाली नाही. पोलिसांचा बंदोबस्त लागला, तपासणी नाके लागले. त्या तोडीचं उपचारांचं जाळं तालुक्या-तालुक्यांत उभं राहिलं नाही. ज्याला दारूवाचून हातातला कप धरता येत नाही, तो माणूस बंदीच्या दुसऱ्या दिवशी चोरटी दारू शोधणारच. अवैध धंद्याला पहिलं आणि कायमचं गिऱ्हाईक त्यातूनच मिळालं.

उपचारांची परंपरा महाराष्ट्रात वेगळ्या वाटेनं आली, आणि ती वाट शहरातून निघाली. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पसरली. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा झाला. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, आणि त्या लिखाणामुळे हलून पु. ल. देशपांडे यांनी मदत दिली. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस रुग्ण आहे, हे मराठी घराघरांत त्यांनी रुजवलं. पण पेरमिलीच्या किंवा जिवतीच्या माणसासाठी पुणे फार लांब होतं. २०११ मध्ये राज्याचं व्यसनमुक्ती धोरण आलं, तेही सामाजिक न्याय विभागाचं. आजचं चित्र असं आहे: राज्य उत्पादन शुल्क विभाग दारूचा महसूल गोळा करतो, पोलीस अवैध दारू पकडतात, गुटख्यावर अन्न व औषध प्रशासन धाड घालतं, प्रचाराचं आणि केंद्रांच्या अनुदानाचं काम सामाजिक न्याय विभाग करतो. यकृत निकामी झालेला, रक्ताची उलटी करणारा माणूस मात्र थेट आरोग्य खात्याच्या ग्रामीण रुग्णालयात येतो. तिथं त्याला सलाईन लावतात, दोन दिवसांत घरी पाठवतात आणि केसपेपरवर दारूचा शब्दही अनेकदा नसतो.

२०१९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल आला. दारूच्या आहारी पूर्ण गेलेल्या ३८ माणसांमागे फक्त एकाला कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळालेला होता. दाखल होऊन उपचार मिळणारा तर १८० मागे एक. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनं आदिवासी आरोग्यावरचा अहवाल केंद्राला दिला. आदिवासींच्या दहा विशेष आरोग्यप्रश्नांत मलेरिया, कुपोषण, सिकलसेल यांच्या ओळीत तिनं व्यसनाला बसवलं. दीडशे वर्षांनी सरकारी कागदावर दारू घटनाकारांनी दाखवलेल्या जागी परतली.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालू आहे. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांनी मिळून हाती घेतलेला हा दारू आणि तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाव्यापी कार्यक्रम. गावात संघटना, तालुक्याला व्यसन-उपचाराचं क्लिनिक, गावपातळीवर शिबिरं, सर्चच्या शोधग्राममधल्या दवाखान्यात दाखल करून उपचार, आणि बाजूला कायद्याची अंमलबजावणी, अशी त्याची बांधणी आहे. बंदी आणि उपचार एकाच कार्यक्रमात आणणारा असा प्रयत्न मला चंद्रपुरात दिसत नाही.

यात तंबाखू घेतली हे फार बरं झालं. पूर्व विदर्भात खर्रा हे दारूपेक्षा जास्त पसरलेलं व्यसन आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटायचा आणि पुडी बांधून द्यायची. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत आणि मजुरापासून बाबूपर्यंत सगळे खातात. पाहुण्याला चहाआधी खर्रा विचारतात. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पण खर्रा कारखान्यात बनत नाही, ठेल्यावर बनतो, म्हणून त्याच्यावर धाड घालणं अवघड. तोंड उघडत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्या तरुणांना गाठून समजावणं हाच त्यावरचा इलाज, आणि ते काम आरोग्य खात्याचं आहे.

अशात २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. दारूच्या दृष्टीनं पाहिलं तर एका रात्रीत सगळा देश चंद्रपूर झाला. केरळात दारू न मिळाल्यानं आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला आणि उच्च न्यायालयानं २ एप्रिलला तो स्थगित केला. डॉक्टरांचा त्या हुकमाला विरोध होता आणि तो बरोबर होता, कारण यावरचा उपचार दारू हा नाहीच. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि उपचार न मिळाल्यास माणूस मरू शकतो. घरचे समजतात, बाहेरची बाधा झाली. यावरची औषधं जुनी आणि स्वस्त आहेत: डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या उतरत्या मात्रेत, थायमिनचं इंजेक्शन, पाणी आणि देखरेख. तालुक्याच्या रुग्णालयात हे सगळं जमण्यासारखं आहे. देशाच्या टाळेबंदीच्या आदेशांत धान्य, दूध आणि औषधदुकानं होती, पण या माणसांसाठी एक ओळ नव्हती. मेच्या सुरुवातीला अनेक राज्यांत दुकानं उघडली आणि मैलभर रांगा लागल्या तेव्हा त्या रांगांची टर उडवली गेली. त्यातली बरीच माणसं आजारी होती.

गडचिरोलीत आणखी एक गोष्ट घडत होती. टाळेबंदी लागली तोच मोह वेचण्याचा हंगाम. जिल्ह्याच्या सीमा बंद, बाहेरून चोरून येणारी बाटली थांबलेली आणि अंगणात फुलं वाळत पडलेली. जंगलात, नाल्याकाठी मोहसडव्याचे ड्रम पुरलेले सापडत होते, आणि गावसंघटना व पोलीस ते ओतून देत होते. ज्या गावात संघटना जागी होती तिथं हे जमलं. सीमेवरचा पहारा कितीही कडक असला तरी गावातली भट्टी गावालाच थांबवावी लागते.

महामारीनं आरोग्ययंत्रणा किती पोचू शकते हेही दाखवलं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, आणि आशा ताई घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजू लागल्या, मधुमेह-रक्तदाब विचारू लागल्या. दुर्गम पाड्यांतही त्या गेल्या. मग त्याच दारात ‘घरात रोज कोण पितं, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का’ एवढं विचारायला काय हरकत होती? ही कल्पना गडचिरोलीला नवीन नाही. १९९५ पासून तिथल्या खेड्यांतल्या आरोग्यदूत बायकांनी झोपडीत नवजात बाळाचे श्वास मोजले, न्यूमोनिया-सेप्सिस ओळखला, इंजेक्शनही दिलं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले, आणि पुढे ती पद्धत आशांच्या हातून देशभर गेली. पाच-दहा इयत्ता शिकलेली बाई नवजात बाळ वाचवू शकते, तर दारू तुटलेल्या शेजाऱ्याला वेळेवर दवाखान्यात धाडणं तिला सहज जमेल.

मोजणीचंही तेच. कोरोनात जिल्हाधिकारी रोज संध्याकाळी आकडा देत होते: किती बाधित, किती बरे, किती गेले. दारूनं आणि खर्ऱ्यानं जिल्ह्यात वर्षाला किती माणसं जातात, याचा असा आकडा कुठलंही कार्यालय देत नाही. २०२१ मध्ये चंद्रपूरच्या बंदीचा निकाल लागला तो गुन्ह्यांच्या आणि महसुलाच्या मोजणीवर. यकृताच्या आजारानं दाखल झालेल्यांची, मार खाऊन आलेल्या बायकांची, उपचार मागूनही न मिळालेल्यांची मोजणी त्या पारड्यात असती तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न मला सोडत नाही.

बंदी असावी की नसावी यावर दोन्ही जिल्ह्यांत पुन्हा वाद होतील. चंद्रपुरात दुकानं चालू आहेत. गडचिरोलीची बंदी हटवण्याची भाषा झाली तेव्हा शेकडो गावांनी ती टिकवण्याचे ठराव केले. वाद व्हावेत. पण बंदीच्या बाजूचा आणि बंदीविरुद्धचा, दोघांनाही नाकारता येणार नाही अशी एक मागणी आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दारू सोडणाऱ्यांसाठी राखीव खाटा असाव्यात, वर सांगितलेली औषधं कायम असावीत, आठवड्याचा एक ठरलेला दिवस व्यसन-उपचाराचा असावा, आणि चंद्रपुरातून राज्य उत्पादन शुल्क विभागाला मिळणाऱ्या महसुलाचा ठरावीक हिस्सा कायद्यानंच या कामाला बांधून द्यावा. पुढची साथ आली आणि पुन्हा दुकानं बंद करावी लागली, तर बंदच्या आदेशाच्या पहिल्याच पानावर या दवाखान्यांची यादी असली पाहिजे.

आणि वाचकांना एक विनंती. घरात कुणी रोज भरपूर पिणारा असेल आणि त्यानं सोडायचं ठरवलं, तर कौतुकाच्या भरात त्याला एकाएकी खोलीत कोंडून ठेवू नका. आधी डॉक्टरांकडे न्या. थरथर, झटका किंवा भ्रम दिसला तर रात्र आहे म्हणून थांबू नका. डॉक्टर जवळ नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.